स्लो कुकर: कोंबडा फर्स्टक्लास, पालेभाजी नापास

माझं काम मोटार रिवाइंडिंगचं आणि घरगुती वायरिंगचं. देवगड तालुक्यात राहतो, खाडीच्या अंगाला. कुठलंही विजेचं भांडं घरात आलं की आधी उलटं करून तळाचे स्क्रू बघायचे आणि मग त्यात काय शिजतं ते, अशी खोड लागलेली आहे. हा स्लो कुकर, म्हणजे मंद तापावर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, दिवाळीत मुलीने पुण्याहून आणला. साडेतीन लिटरचा, 200 वॅटचा, एकाच बटणावर ऑफ, लो, हाय आणि वॉर्म. आठ महिने वापरून लिहितोय, म्हणजे एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्याने आमच्याकडे काढलाय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

तळ उघडून बघितला. इस्त्रीसारखी कॉइल खाली असेल असं वाटलं होतं, पण हीटरची पट्टी पत्र्याच्या डब्याला कमरेभोवती गुंडाळलेली निघाली. उष्णता बाजूने येते, तळातून नाही, म्हणून करपत नाही. आमच्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅटसुद्धा नाही. मल्टिमीटरचा टेम्परेचर प्रोब झाकणाच्या फटीतून आत सोडून बघितलं. लोवर दोन तासांनी रस्सा साठ अंशांच्या थोडा पुढे, सात तासांनी नव्वदच्या वर. हायवरही शेवटी तिथेच पोचतो, फक्त निम्म्या वेळात. खळखळून उकळी अशी येतच नाही. आई दोनदा येऊन काचेच्या झाकणातून डोकावली आणि म्हणाली, "कोंबो शिजता हा काय निजलो हा?"

पण खरी गंमत त्या कोंब्यातच आहे. गावठी कोंबडा प्रेशर कुकरला लावला की दोनच गती: पाच शिट्ट्यांत चिवट, दहा शिट्ट्यांत दोऱ्या. शिट्टीच्या कुकरात आत 120 अंशांच्या आसपास तापतं, त्यात मांसाचा रस आधी पिळून निघतो. जुन्या कोंबड्याच्या सांध्यांतला आणि शिरांमधला चिकट भाग सत्तरच्या पुढे हळूहळू विरघळतो, त्याला तास लागतात, ताप नाही. चुलीवर निखारे बाजूला ओढून आजी हेच करायची. सकाळी सातला लोवर लावलेला दीड किलोचा कोंबडा अडीच वाजता उघडला तर तंगडीचं मांस चमच्याने सुटत होतं, तरी तुकडे तुकडेच राहिले होते. रस्सा गार झाल्यावर थरथरायला लागला. विजेचा हिशोब अगदी चढा धरला तरी दीड युनिट.

मटणही तसंच. खाटकाला मांडी मागू नका, खांदा आणि नळी मागा. मांडीचं मटण यात कोरडं पडतं. ब्रॉयलरचं तर नावच काढू नका, चार तासांत त्याची खिमटी होते.

आता "सगळं एकदम टाका आणि कामाला जा" असं जे खोक्यावर लिहिलंय त्याबद्दल. हे लिहिणाऱ्याने मालवणी रस्सा कधी केलेला नसणार. कांदा यात परतला जात नाही, उकडतो, आणि उकडलेल्या कांद्याचा गोडूस वास संध्याकाळपर्यंत घरात फिरत राहतो. मसाला कच्चा लागतो. म्हणून कढईत तेलावर कांदा लाल करायचा, त्यात आलं-लसूण आणि मालवणी मसाला, त्यावर मटण पाच-सात मिनिटं परतायचं आणि मग कुकरात. एवढी वीस मिनिटं सकाळी द्यावीच लागतात. पाणी नेहमीच्या निम्मं घाला, कारण वाफ बाहेर जातच नाही. पहिल्यांदा मी टोपाच्या अंदाजाने पाणी घातलं आणि वड्यांबरोबर आम्ही मसाल्याचं सूप प्यालो. भाजक्या खोबऱ्याचं वाटप शेवटच्या अर्ध्या तासात. सकाळीच घातलं तर आठ तासांत त्याचा भाजका वास मरतो आणि तेल वेगळं तरंगतं.

भाज्यांचं गणित उलटं आहे, हे कळायला मला महिना लागला. आपल्याला वाटतं भाजी आधी शिजेल, मटण नंतर. इथे कंद मटणाच्याही मागे राहतात. म्हणून सुरण, कणगर तळाशी आणि कडेला, पट्टीच्या जवळ, आणि वर मांस. सुरणाच्या फोडी आधी आमसुलाच्या पाण्यात ठेवायच्या. एकदा घाईत तशाच टाकल्या, इतका वेळ शिजतंय म्हणजे खाज जाईलच असं समजून. गेली नाही. रात्रभर घसा खरवडत बसलो. फणसाच्या सुकवलेल्या आठळ्या मात्र यात काय होतात! सोलून मटणाच्या तळाशी टाकल्या की पिठूळ होतात आणि मसाला पोटात घेतात. आमच्याकडे आता आधी आठळ्या संपतात, मग मटण. नीरफणस शेवटच्या दोन तासांत, शेवग्याच्या शेंगा आणि ओले काजूगर शेवटच्या तासात. परसातला लाल माठ आणि पावसाळ्यातला टाकळा यांना या भांड्याजवळ आणायचंच नाही. त्या कढईत पाच मिनिटांच्या भाज्या आहेत. मी एकदा माठ टाकून बघितला, त्याचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.

काळे वाटाणे रात्री भिजवून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून मगच टाकतो. राजमा करणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा घटक असतो, तो खऱ्या उकळीनेच जातो, आणि उकळी तर इथे येत नाही.

आता आमची कोकणी अडचण: लाईट. जून महिन्यात सात वाजता कोंबडा लावून मी एका वाडीवर पंप बघायला गेलो. आठला लाईट गेली, कुठेतरी वायरवर फांदी पडली होती. दीडला आली. घरी येऊन झाकणाला हात लावला तर कोमट. पाच तास कोमट राहिलेलं मांस पुन्हा तापवून खायचं नाही, म्हणून माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरला. चांगला परड्यातला कोंबडा. आईने दोन दिवस धड बोलणं ठेवलं नाही. तेव्हापासून पावसाळ्यात हा कुकर इन्व्हर्टरवर असतो. 200 वॅट म्हणजे इन्व्हर्टरला काहीच नाही, दीडशे एएचची बॅटरी नवी असेल तर पाचेक तास ओढते. मग रात्री पंखा मिळेल याची खात्री नाही, एवढंच. घेताना बटणाचाच घ्या. आकडे दाखवणारे बरेचसे डिजिटल कुकर लाईट जाऊन आली की बंदच राहतात, आणि तुम्ही बाहेर असाल तर कळतही नाही. गिऱ्हाइकाचा असा एक माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाकीच्या तक्रारी. वायर हातभरसुद्धा नाही, ओट्यावर प्लग जवळ नसेल तर एक्स्टेंशन लावाल; निदान सहा तास चालणार आहे हे लक्षात ठेवून चांगल्या वायरची लावा आणि अर्थिंग बघून घ्या. खाऱ्या हवेने पत्र्याच्या कडेला चार महिन्यांत तांबेरा धरला. आतलं चिनीमातीचं भांडं जड आहे आणि गरम असताना त्यात थंड पाणी ओतलं तर तडकतं. माझ्या हातून तडकलं. सुट्टं भांडं मागवायला फोन केला तर अख्खा नवीन कुकर घ्या असं उत्तर मिळालं. शेवटी एका बंद पडलेल्या जुन्या कुकराचं भांडं त्यात नीट बसलं, पण सगळ्यांच्या घरात माझ्यासारखा भंगाराचा ढीग नसतो.

आईचं मत बदललं ते मटणाने नाही, पेजेने. रात्री दहाला वाटीभर उकडे तांदूळ, सात वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, लोवर. पहाटे पाचला चुलीवरच्यासारखी दाट पेज तयार. आता रोज रात्री भांडं तिच्या ताब्यात असतं आणि सकाळी ती ते सावकाश, तिच्या वेळेने रिकामं करते. रविवारी कोंबडा लावायचा असेल तर मला शनिवारीच सांगून ठेवावं लागतं.