घरच्यांनी बसायचं कुठं? सोलापुरात व्यसनी माणसाच्या कुटुंबापुढच्या चार वाटा

भाऊ दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला त्या आठवड्यात भावजयीनं मला विचारलं, "अक्का, ह्यांना डॉक्टर आहे, गोळ्या आहेत, समुपदेशक आहे. मी कुणाकडं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत आम्ही दोघी चार ठिकाणी जाऊन बसलो. तुम्ही आज त्याच उंबऱ्यावर असाल तर हे वाचा. चारही वाटा मला सारख्या वाटत नाहीत, हे आधीच सांगते.

निवडण्याआधी स्वतःला एक विचारा. त्यानं उपचाराला तयार व्हावं म्हणून तुम्ही जाताय, की तो पिऊन येवो न येवो, तुम्हाला रात्री दोन घास खाऊन झोपता यावं म्हणून? दोन्ही हवं असतं, मान्य. पण एका दारात दोन्ही क्वचितच मिळतं.

अल-अनॉन ही दुसऱ्या गरजेची जागा आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या एका संस्थापकाची बायको लोइस हिनं आणखी एका सोबतिणीला घेऊन 1951 मध्ये घरच्यांचे विखुरलेले गट एकत्र आणले, तेच अल-अनॉन. माणूस ड्रग्ज घेणारा असेल तर त्याच धर्तीवर नार-अनॉन आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाका नाहीतर पुढं सरकवा. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. सल्ला कुणी देत नाही.

हे सल्ला न देणंच मला पहिल्या दिवशी खटकलं. शाळेचा वर्ग, लहान पोरांचे बाक, गुडघे अडकताहेत. समोर एक विडी कामगार बाई, बोटांना तंबाखूचा वास. तिची पाळी आली तशी म्हणाली, "काल पिऊन आला. मी जेवले अन् झोपले." संपलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चिडून बाहेर पडले, म्हटलं ह्यासाठी रिक्षाचे पैसे घातले होय? भावजय मात्र वाटेत गप्प होती. घर आल्यावर म्हणाली, "मी तर चार महिने रात्रीची जेवलेच नाही ओ." पुढच्या आठवड्यात ती एकटीच गेली.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. साखर पेठेत कुणी शिंकलं की अशोक चौकात कळतं. ओळखीचं भेटेल या धास्तीनं पाय निघत नसेल तर गावाच्या दुसऱ्या टोकाचा गट बघा, किंवा फोनवरची ऑनलाइन मीटिंग धरा. ऑनलाइनला रिक्षा लागत नाही, पण दोन खोल्यांच्या घरात बोलायचं कुठं? भावजय महिनाभर गच्चीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागं उभी राहून बोलली. प्रत्यक्ष बसण्याची सर त्याला नाही. भाषाही विचारून घ्या, पूर्वभागातल्या कितीतरी सासवांना तेलुगूशिवाय मन मोकळं करता येत नाही.

केंद्रातली कुटुंबसभा ही दुसरी वाट. माणूस आत दाखल असेल तर इथूनच सुरुवात करा, कारण व्यसन हा आजार आहे म्हणजे नेमकं काय, हे इथं फळ्यावर मांडून सांगतात. या कामात आपल्याकडे नाव घ्यावं ते पुण्याच्या मुक्तांगणचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली ते सुरू केलं, आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथं 'सहचरी' हा वेगळा गट आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन येता येतं. पण दर आठवड्याला अडीचशे किलोमीटर कोण जाणार?

जवळची केंद्रं डोळे उघडे ठेवून निवडा. आम्ही भावाला पहिल्यांदा जिथं ठेवलं, तिथं तीन आठवडे भेटू दिलं नाही, आणि 'पालकसभा' म्हणून बोलावलं ते राहिलेल्या पैशांची आठवण द्यायला. तेव्हा ठाऊक नव्हतं, पण 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेले आहेत. रुग्णाला घरच्यांना भेटायचा, फोन करायचा हक्क त्यात आहे. दाखल करण्याआधी विचारा: भेट कधी, सभा कोण घेतं, आणि तो घरी आल्यावरही आम्ही सभेला आलो तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं केंद्र बघा.

समुपदेशकाबरोबर एकट्यानं बसणं. तो उपचाराचं नावच काढू देत नसेल तर माझं मत इथं पडतं. 'क्राफ्ट' नावाची पद्धत आहे, ती घरच्यांना शिकवतात, पिणाऱ्याला नाही. तो न पिता घरी आला तर त्याच्याजवळ बसायचं, आवडीचं रांधायचं. पिऊन आला तर भांडण न करता तिथून उठायचं. मालकाला फोन करून "ताप आलाय" हे खोटं बंद करायचं. उपचाराचा विषय काढायचा तो पगाराच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच कसंनुसं होत असताना. 1999 साली अमेरिकेत 130 घरच्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी 64 टक्के लोकांनी आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणलं, अल-अनॉनच्या वाटेनं गेलेल्यांपैकी 13 टक्क्यांनी. तेवढ्यावरून अल-अनॉन मोडीत काढू नका. घरच्यांची स्वतःची तब्येत, मनाचा ताण दोन्ही बाजूंना सारखाच सुधारला होता. आणि माणसाला उपचाराला आणणं हा अल-अनॉनचा दावाच नाही.

सोलापुरात 'क्राफ्ट' असा शब्द उच्चारला तर बरेचजण हातमागाचं काहीतरी समजतील. नाव सोडा, "तो येणार नाही, मला एकटीला शिकवाल का?" असं सरळ विचारा. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून सुरुवात करता येते, गर्दीची तयारी ठेवून सकाळी लवकर जा. पैसा आणि वेळ दोन्ही नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416, दोन्हींवर बोलायला पैसे पडत नाहीत.

माळ चौथी. पंढरपूरच्या जिल्ह्यात ही वाट वगळून कसं चालेल? संध्याकाळी गुत्त्याऐवजी भजनात बसायला जागा मिळते, सोबत बदलते. असे सुटलेले लोक मी पाहिलेत. पण ते त्याच्यासाठी. त्याच्या बायकोनं कुठं बोलायचं, हा प्रश्न तिथंच राहतो. शिवाय माळ घालायला लावायची नसते. आमच्या भावानं आईच्या शब्दाखातर घातली, आणि प्यायला जाताना आधी खुंटीला अडकवून जायचा. घरी आलं की आम्ही पहिलं खुंटीकडं बघायचो.

दोन कामं यातल्या कुठल्याच गटाची नाहीत. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं आणि हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, झटका आला तर तडक दवाखाना. मारहाण होत असेल तर 112 किंवा 181. आणि कुणी "त्याला न सांगता चहातून द्या" म्हणून गोळी दिली तर घेऊ नका. दारू अंगाला झेपू न देणारी ती गोळी पोटात असताना तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

आम्ही शेवटी काय केलं? भाऊ नाही म्हणत होता तोवर समुपदेशक, तो दाखल झाला तशी कुटुंबसभा. आता त्याला न पिता अकरा महिने झाले. भावजय अजून दर गुरुवारी साडेसहाला कुकर उतरवून त्या बाकावर जाऊन बसते. भाऊ विचारतो, "मी पीत नाही, मग तू कशाला जातीस?" ती चपला घालता घालता म्हणते, "आमटी गरम आहे, वाढून घ्या."