जीवाय-५२१ : एका फळीवर तीन रोबोंचा तोल साधायला पुरतं का?

सांगली-मिरजेच्या कॉलेजांतल्या रोबोटिक्सवाल्यांना हे कल मोजणारं निळं सेन्सर बोर्ड नवीन नाही. एमपीयू-६०५० चिप, तीन अक्षांचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा), तीन अक्षांचा अॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा, त्यावरून कल कळतो), किंमत दीड-दोनशेच्या आसपास. एकट्या रोबोला ते छान चालतं. पण २०२३ च्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) या शाळकरी मुलांच्या स्पर्धेतल्या ‘चार्ज्ड अप’ खेळासारखे तीन रोबो एकाच झुलत्या फळीवर चढवायचे असतील तर?

तरीही चालतं. तोल जातो तो बहुतेक वेळा प्रोग्रॅममुळे.

त्या खेळात फळी अडीच अंशांच्या आत आडवी हवी. फळी आठ बाय चार फुटांची, म्हणजे टिंबर एरियात मिळणारी प्लायवुडची अख्खी शीटच. अडीच अंशांना तिची लांब कड जेमतेम २७ मिमी उचलते. छोट्या रोबोंसाठी निम्म्या मापाची फळी केली तर १३ मिमी.

नुसत्या अॅक्सेलरोमीटरवर भरवसा ठेवला की घोळ होतो. रोबोने १ मी/से² वेग वाढवला तरी त्याला जवळपास ६ अंशांचा खोटा कल दिसतो. म्हणून जायरोला ०.९८ आणि अॅक्सेलरोमीटरला ०.०२ वजन देऊन कॉम्प्लिमेंटरी फिल्टर (दोन्ही रीडिंग एकत्र करणारं सूत्र) लावा, लूप (कल वाचून दुरुस्त करण्याचा फेरा) १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ठेवा. शून्य ठरवताना रोबो सपाट फरशीवर स्थिर ठेवून दोनशे रीडिंगची सरासरी काढा.

आता खरा मुद्दा. तिन्ही रोबोंना एकच कल दिसतो आणि तिघंही एकदम तो दुरुस्त करायला धावतात. दुरुस्ती तिप्पट होते, म्हणून एकट्यावर शांत चालणारा गेन (कलाच्या मानाने दुरुस्ती किती करायची तो आकडा) इथे फळी हेलकावत ठेवतो. पहिले दोन रोबो मध्यरेषेपलीकडे नेऊन उभे करा, त्यांचे लूप बंद करा आणि चाकं लॉक करा. तोल फक्त तिसऱ्याने साधायचा. एल२९८एन या मोटार ड्रायव्हरवर इनेबल पिन चालू ठेवून दोन्ही इनपुट सारखे दिले तरच ब्रेक लागतो. इनेबलच बंद केलं तर चाकं मोकळी सुटतात आणि रोबो उतारावर घरंगळतो. वर्म गिअरच्या मोटारींना ही कटकट सहसा नसते. तिसरा रोबो कोन शून्य होईपर्यंत पुढे जात राहिला तर हमखास पलीकडे जातो. फळी पडायला लागताच जायरोचा वेग उसळतो, तिथेच थांबवून किंचित मागे घ्या.

खरेदी करताना एक बघा: चिपची ओळख सांगणाऱ्या ०x७५ रजिस्टरने ०x६८ उत्तर द्यायला हवं. दुसरं काही आलं तर बोर्डवर वेगळीच चिप आहे, आणि काही लायब्ररी ‘सेन्सर सापडला नाही’ म्हणून थांबतात. मोटारीच्या विद्युत नॉइजने आयटूसी (सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यातली दोन तारांची जोडणी) अडकून अख्खा आर्डुइनो कंट्रोलर गोठतो, हा दुसरा त्रास. मोटारीच्या टर्मिनलवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, सेन्सरची वायर वीतभरच, आणि आर्डुइनोच्या ‘वायर’ लायब्ररीत टाइमआउट चालू, एवढ्यावर तो बराच आटोक्यात येतो. बोर्ड फोम टेपवर चिकटवू नका, स्पेसर लावून स्क्रूने पक्कं बसवा.

या बोर्डवर मॅग्नेटोमीटर (होकायंत्र) नाही, त्यामुळे दिशेचा कोन हळूहळू सरकतो. तोलाला त्याने फरक पडत नाही. फळीवर सरळ चढवायला मात्र चाकांवर एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) लावा.