‘लाइफटाइम फोटोशॉप’ कुणी देऊ केलं तर

इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली माझी भाची यंदा कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकतेय. ताईने तिला पेन टॅबलेट घेऊन दिला आणि त्याच दुकानदाराने सोबत फोटोशॉप गळ्यात मारलं. ‘लाइफटाइम आहे, साडेतीन हजार एकदाच, परत रुपया भरायचा नाही.’

पूर्ण फोटोशॉप असं मिळतच नाही. एकदाच पैसे भरून घेता येणारी शेवटची आवृत्ती म्हणजे २०१२ची सीएस ६. २०१३पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या फोटोशॉप बनवणारी अडोबी कंपनी फक्त वर्गणीवर देते. दुकानदाराला हे ठाऊक होतं, ताईला नव्हतं, आणि त्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

ताईसमोरच दुकानातल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला. आधी विंडोजचं अँटिव्हायरस बंद केलं, मग तो फोल्डर तपासणीतून वगळला. ‘इन्स्टॉल होताना मध्येमध्ये येतं,’ म्हणाला. निघताना बजावलं, ‘अपडेट करायचं नाही, नेट चालू असताना उघडायचं नाही.’ अस्सल सॉफ्टवेअर विकणारा माणूस असं कधीही सांगणार नाही. अँटिव्हायरस बंद करायला लागला की तिथेच लॅपटॉप उचलायचा आणि बाहेर पडायचं.

काही आठवड्यांत ‘हे ॲप अस्सल नाही’ अशा सूचना यायला लागल्या. त्याच सुमारास पोरीचं इन्स्टाग्राम कुणीतरी बळकावलं, तिची सगळी स्केचेस त्यावर होती. ते याच पेनड्राइव्हमुळे झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम अशा क्रॅकमधून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रतींमधून, सर्रास येतात. दुकानदाराने हात झटकले. बिलावर बघतो तर फक्त ‘सर्व्हिस चार्जेस’, सॉफ्टवेअरचं नावच नाही! म्हणून सांगतो, बिलावर सॉफ्टवेअरचं नाव आणि लायसन्सचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मला जास्त राग याचा आला की तिला फोटोशॉपची गरजच नव्हती. क्रिटा हे खास चित्रकारांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. त्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, आहेत, शंभराहून जास्त ब्रश तयार मिळतात, पेनचा दाब ओळखला जातो, ॲनिमेशनही करता येतं. त्याच्या अधिकृत साइटवर ते फुकट आहे. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर या ऑनलाइन दुकानांत त्याला पैसे पडतात, ते बनवणाऱ्यांना मदत म्हणून. तिथे द्यायचे तर जरूर द्या. फोटो सुधारायला गिंप आहे, तेही फुकट. पुढे कॉमिक्सकडे वळायचं असेल तर क्लिप स्टुडिओ पेंट विंडोजवर एकरकमी विकत मिळतं.

कुणी आधीच फसलं असेल तर पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला. चित्रांच्या फाइली बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आम्ही नोंदवली आहे.