घरपोच वॉटरलेस कार वॉश, बावधन (पुणे): तीन महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. पुढे थोडी तक्रार येणारे, आणि तसंही स्कूटरवर दोन स्प्रेच्या बाटल्या नि पिशवीभर नॅपकिन घेऊन फिरणारी पोरं आता बावधन, पाषाण, बाणेर सगळीकडे दिसतात, काम सगळ्यांचं साधारण सारखंच. त्यामुळे कुणाकडूनही करून घेणार असाल तरी वाचा.

गाडी निळी बलेनो, सहा वर्षं जुनी. पार्किंग कव्हर्ड आहे पण समोर बिल्डिंगचं काम चालू, संध्याकाळपर्यंत बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. पॅकेज महिन्याला ४ वॉश, ६९९ रुपये, मार्च ते मे. आतल्या व्हॅक्यूमचे वेगळे पैसे, ते घेतलं नाही.

सुरुवात झाली सोसायटीच्या नोटिशीमुळे. फेब्रुवारी संपायच्या आत टँकर सुरू झाले आणि लिफ्टशेजारी कागद चिकटला, "पाइप लावून गाडी धुताना आढळल्यास पाणी बंद करण्यात येईल. गाडीचे नव्हे, फ्लॅटचे." सेक्रेटरी मूळचे सदाशिव पेठेतले आहेत हे वेगळं सांगायला नको. बंगळूरला २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड असा नियम आला तेव्हा आम्ही ग्रुपवर हसलो होतो, आपल्याकडे काय बाबा, खडकवासला पानशेत वरसगाव टेमघर, चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी. ती आहेत हो, पण आमच्या टाकीत पाणी पडतं ते टँकरचं.

मी पाइपवाल्यांपैकीच होतो. एकदा मोबाइल लावून बघितलं, त्या पाइपने २० लिटरची बादली भरायला १ मिनिट ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. आणि गाडी धुताना मी पाइप बंद कधी करायचो, तर कधीच नाही, तो खाली पडून वाहतोय आणि मी आपला चाकं घासतोय. १५ मिनिटं धरली तरी १८० लिटर झाले. महिन्यात चार रविवार, ७२० लिटर. लाज वाटली, खरं सांगतो.

तर पहिल्या दिवशी एक मुलगा आला, वीस-बावीस वर्षांचा. "सर, गाडी सावलीत आहे ना? ऊन असेल तर लिक्विड वाळून जातं, डाग पडतात." इथेच मला बरं वाटलं कारण त्याला काम माहीत होतं. पिशवीतून त्याने ९ नॅपकिन काढले, मोजले मी. सगळे मायक्रोफायबर, धुतलेले, घडी घातलेले. एका पॅनलवर भरपूर स्प्रे मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग नॅपकिनची चौघडी करून एका दिशेने सरळ ओढायचं, गोल गोल अजिबात नाही, एक बाजू मळली की घडी उलटायची. चौघडी केली की एका नॅपकिनच्या आठ बाजू मिळतात, नऊ नॅपकिनच्या बहात्तर, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. सुरुवात टपापासून, खालचे सिल म्हणजे दरवाज्यांखालच्या पट्ट्या आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं, ते परत बॉडीला लागू द्यायचं नाही. ४० मिनिटं लागली. खाली फरशीवर दहा-बारा थेंब. गाडी खरंच चकाकत होती, बायको म्हणाली पॉलिश केलंस का.

यात जादू काही नाही. स्प्रेत पाणीच जास्त असतं, त्यात सरफॅक्टंट म्हणजे साबणाच्या जातीचं काहीतरी आणि पॉलिमर किंवा वॅक्स. ते धुळीच्या कणाभोवती बसतं, कण सुटा होतो, बुळबुळीत होतो आणि पत्र्यावर न घासता फडक्याच्या धाग्यात ओढला जातो. नंतर जी चकाकी दिसते ती त्या वॅक्सची. म्हणजे सगळा खेळ बुळबुळीतपणा आणि फडकं या दोन गोष्टींवर. फडकं मळलेलं असेल तर तुम्ही पॉलिशपेपरच फिरवताय गाडीवर. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो साधारण ४०-५० मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ, त्यावर किती वर्षं घासणार.

आता त्यांच्या जाहिरातीबद्दल. पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात, "प्रत्येक वॉशमागे १५० लिटर पाणी वाचवा." कुणाच्या तुलनेत? माझ्यासारख्या पाइपवाल्याच्या तुलनेत बरोबर आहे. पण आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक गाड्या पुसतात मामा, रोज सकाळी सहाला, ६०० रुपये महिना. मामांची एक बादली १५ लिटरची, त्यात दोन गाड्या. म्हणजे गाडीमागे साडेसात लिटर, महिन्याचे २६ दिवस, १९५ लिटर. म्हणजे रोज गाडी पुसूनही मामा माझ्या चार रविवारांपेक्षा कितीतरी कमी पाणी वापरतात, आणि त्यांना कुणी इको-फ्रेंडली म्हणून स्टिकर दिलेला नाही. मामांचा प्रॉब्लेम पाण्याचा नाहीच, फडक्याचा आहे. पहिल्या गाडीची धूळ त्याच बादलीत आणि तीच दुसऱ्या गाडीवर, फडकं म्हणजे कुणाच्यातरी जुन्या बनियनचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची काळी गाडी उन्हात बघा, कोळ्याने जाळं विणल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट, जी पॅम्फ्लेटवर नव्हतीच आणि खरं तर तीच लिहायला हवी होती, ती म्हणजे धुतलेलं पाणी जातं कुठे. घरातलं सांडपाणी आमच्या सोसायटीत एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला जातं. पार्किंगमधलं पाणी जाळीतून पावसाळी गटारात, तिथून ओढ्याला, ओढा रामनदीला. रामनदी पाषाण, बाणेरकडून मुळेला, मुळा संगमाला मुठेला, तिथून भीमा आणि शेवटी उजनी. उजनीतली जलपर्णी बघून आपण सोलापूरकरांसाठी हळहळतो, पण तिला खतपाणी जातं ते आपल्याच गटारांतून. कपड्याच्या पावडरीचा फेस करून गाडी धुवायची सवय आपल्याकडे खूप, तो फेस, ब्रेकची काळी भुकटी, इंजिनचं तेल सगळं त्याच जाळीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पार्किंगमधून जो पांढरा ओहोळ निघतो ना, तो बघण्यासारखा असतो. (त्याच दसऱ्याचं कुंकू बॉनेटवर दोन दिवस ठेवू नका, पांढऱ्या गाडीवर गुलाबी स्वस्तिक कायमचं राहतं, मेव्हण्याच्या गाडीवर अजून आहे.) वॉटरलेसमध्ये ही घाण फडक्यात येते, गटारात पडत नाही. माझ्या मते १५० लिटरपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

पण मग ती फडकी कुठेतरी धुवावी लागतातच ना. हे मी त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "सेंटरला मशीनला टाकतो सर, सगळ्यांची एकत्र." ठीक आहे, एकत्र धुतली तर गाडीमागे फार पाणी पडत नसावं, पण पॅम्फ्लेटवर तो हिशोब धरलेला नाही हे नक्की. शिवाय मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर नि पॉलिअमाइड, प्लास्टिकच, धुताना त्याचे बारीक धागे सुटतात. बाटलीवर "बायोडिग्रेडेबल" आणि एक हिरवं पान छापलंय, आत काय काय आहे ते कुठेही लिहिलेलं नाही.

मार्च, एप्रिल मस्त गेले. रंगपंचमीचे शिंतोडे निघाले. कबुतराची घाण त्याने कशी काढली ते मी शिकून घेतलं, ओला नॅपकिन त्यावर पाच मिनिटं नुसता ठेवायचा, घासायचं नाही, मऊ झालं की उचलायचं. आणि ही घाण रविवारपर्यंत ठेवायची नाही, उन्हात ती रंगात मुरते आणि डाग बसतो.

तक्रार मे महिन्यातली. तो मुलगा गावाला गेला, दुसरा आला. त्याच्याकडे आमच्या बिल्डिंगच्या चार गाड्या आणि नॅपकिन किती, तीन. तीन! मी विचारलं तर म्हणे, "धुऊन घेतो ना सर इथेच नळावर." म्हणजे वॉटरलेस वॉशसाठी आमच्याच नळाचं पाणी, कमालच आहे. त्यात आदल्या दिवशीच आम्ही ताम्हिणीला जाऊन आलेलो आणि वळवाने गाठलं, दरवाज्यांच्या खाली लाल चिखल वाळून बसलेला. पहिला मुलगा असता तर मला खात्री आहे नाही म्हणाला असता. याने दोनदा फुसफुस केलं आणि दाबून पुसलं. आवाज आला मला, खर्रकन. डाव्या मागच्या दरवाज्यावर वीतभर रेघा, नखाला लागत नाहीत पण उन्हात दिसतात. फोन केला तर पलीकडून, "सर त्या आधीच्या असतील." फोटो पाठवले, दोन दिवसांनी उत्तर आलं, पुढचा वॉश फ्री. फ्री वॉशने रेघा जातात का?

चूक अर्धी माझी पण आहे. वाळलेला चिखल, समुद्राकाठची वाळू, सिमेंटचे शिंतोडे यावर वॉटरलेस चालतच नाही, कुणी कितीही म्हणो. स्प्रेने मऊ होण्याइतका तो पातळ थर नसतो. त्याला आधी पाणीच लागतं, प्रेशरने. आणि यात लाज वाटायचं कारण नाही, घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला ६-७ लिटर टाकतो, तीन मिनिटं फक्त चिखल पाडायला वापरला तर २० लिटर. किंवा सरळ वॉशिंग सेंटरला जा, फक्त खालून अंडरबॉडी मारून घ्या, आणि नंतर ते डिझेल किंवा ऑइल फवारतो म्हणाले तर हात जोडून नको म्हणा, ते रबराला वाईट आणि पहिल्या पावसात सगळं रस्त्यावर येतं.

आता मी काय करतोय ते सांगतो. पॅकेज रिन्यू केलं नाही. रिन्सलेस वॉशचं लिक्विड आणलं. नावं सारखी वाटतात पण फरक आहे, वॉटरलेसमध्ये नुसता स्प्रे, रिन्सलेसमध्ये बादलीत थोडं पाणी घेऊन त्यात लिक्विड टाकायचं, ओल्या नॅपकिनने पुसायचं, मग कोरड्याने टिपायचं, वरून पाणी मारायचं नाही. माझ्या बाटलीवर प्रमाण १ ला २५६ आहे, म्हणजे ४ लिटर पाण्यात साधारण १५ मिली, औषधाच्या मापाच्या टोपणाने मोजतो. आठ नॅपकिन त्याच बादलीत भिजवून ठेवायचे, एक काढायचा, वापरायचा, परत बादलीत बुडवायचा नाही, हीच काय ती शिस्त. ओलं असल्यामुळे पुण्याच्या धुळीला हे वॉटरलेसपेक्षा जास्त सेफ वाटलं. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर जड असतं, तसंच वाळलं तर पांढरे ठिपके राहतात, म्हणून एका वेळी एकच दरवाजा करून लगेच टिपायचा.

नॅपकिन मी हाताने धुतो, बाथरूममध्ये, म्हणजे पाणी एसटीपीला. त्याला २५ लिटर जातात, मोजले. बादलीचे ४ धरून २९, महिन्याचे ११६. म्हणजे "एका मगात गाडी धुतो" वगैरे फुशारकी मारायला काही जागा नाही, पण ७२० वरून ११६ वर आलो. नॅपकिन सुती कपड्यांत मिसळायचे नाहीत, धागे धरतात, आणि कम्फर्ट, म्हणजे कपडे मऊ करायचं लिक्विड, तर अजिबात घालायचं नाही, त्याने धागा बसतो आणि मग तो पाणीही टिपत नाही नि धूळही उचलत नाही.

मामांना सहा नॅपकिन दिले. लिक्विड नको म्हणाले, "साबनाचंच पाणी ना ते, राहू द्या." नॅपकिन मात्र घेतले. दुसऱ्या दिवशी बघतो तर सहाच्या सहा एकाच बादलीत. पण काकांच्या गाडीला नवा वेगळा ठेवलाय, कारण काका दिवाळीला ५०० देतात.

मार्क द्यायचे तर पहिल्या मुलाला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला एक, कंपनीला अडीच. घ्यायचंच असेल तर रोजच्या धुळीसाठी घ्या, कव्हर्ड पार्किंग असेल तर ६९९ महाग नाही. फोनवर लिक्विड कुठलं ते विचारत बसू नका, एका गाडीला किती नॅपकिन आणता ते विचारा. सहाच्या खाली आकडा आला तर फोन ठेवा. आणि जून ते सप्टेंबर पॅकेज घेऊ नका, पैसे पावसातच जातात. दरवाज्याच्या रेघांसाठी रबिंग-पॉलिशवाल्याने १२०० सांगितलेत, दिवाळीच्या आधी बघू.