शेपटीतून पंखाच्या टोकाकडे: मॅग्नेटोमीटरचे आठ महिने

स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात मॅग्नेटोमीटर (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून विमानाच्या नाकाची दिशा ओळखणारा सेन्सर) बसवून आता आठ महिने झाले. एवढ्या काळात विमान ७० तासांच्या आसपास उडालं आणि मॅग्नेटोमीटरने एकदा घर बदललं. पहिली जागा मी निवडली ती खरं तर आळसापोटी: सामानाच्या कप्प्यामागे, शेपटीकडच्या भागात. इंजिन, अल्टरनेटर, पॅनेल सगळं लांब, वायर आखूड, हात सहज पोचतो. कॅलिब्रेशनही पहिल्या फटक्यात पास झालं.

घोळ उघडा पाडला तो स्क्रीनवरच्या वाऱ्याच्या बाणाने. हवेतला वेग आणि हेडिंग (नाकाची दिशा) एका बाजूला, जीपीएसचा ट्रॅक (जमिनीवरून विमान प्रत्यक्ष सरकतं ती दिशा) आणि जमिनीवरचा वेग दुसऱ्या बाजूला. यांतल्या फरकातून तो बाण निघतो. एके सकाळी विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) काठीला चिकटून लटकलेला होता, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि स्क्रीन मात्र जाताना आडवा ९ नॉट वारा दाखवत होती. वळून परत निघालो तर वारा गायब! ११० नॉटला हेडिंग ५ अंशांनी चुकलं की साडेनऊ नॉटचा खोटा आडवा वारा तयार होतो. तेव्हापासून मी आधी बाण बघतो. हेडिंगने थाप मारली की तो लगेच चुगली करतो.

शेपटीत गुन्हेगार दोन निघाले. एक म्हणजे पाने-पकडीची पेटी. कॅलिब्रेशनच्या दिवशी ती कप्प्यात होती, नंतर कधी असायची, कधी नसायची. कॅलिब्रेशन फक्त विमानाला कायम चिकटलेल्या चुंबकत्वाचा हिशेब करतं. ये-जा करणाऱ्या लोखंडापुढे त्याचा इलाज नाही. दुसरा गुन्हेगार एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेचा) स्टीलचा पुशरॉड, म्हणजे ती हलवणारा दांडा. जमिनीवर उभ्या विमानात स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) पोटाशी ओढली की हेडिंग ३ अंशांनी सरकायचं, सोडली की परत जागेवर. ही चाचणी स्क्रू आवळण्याआधी करायची असते, हे मला स्क्रू आवळून झाल्यावर कळलं.

म्हणून दुसऱ्या वेळी सेन्सर नुसत्या टेपने चिकटवला, लांब वायर सोडली आणि जागा बदलत फिरलो. प्रत्येक जागी स्टिक चारही बाजूंना टोकापर्यंत, पेडल, फ्लॅप, ट्रिम मोटर, रेडिओ, एकेक दिवा. शेवटी डाव्या पंखाचं फायबरचं टोक ठरलं. एलेरॉनचा (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेचा) बेलक्रँक, म्हणजे ती हलवणारा कोनी सांधा, तिथून बराच आत राहतो. चुंबक झालेल्या लोखंडाच्या तुकड्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचा त्रास साधारण आठपट कमी होतो, त्यामुळे चार बोटं सरकवण्यानेही फरक पडतो.

वायरमधल्या करंटचं गणित मात्र इतकं दयाळू नाही. एकट्या वायरचा त्रास अंतर दुप्पट केल्यावर फक्त निम्मा होतो. माझा लँडिंग लाइट त्याच टोकाकडे, १४ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेणारा, आणि त्याचा परतीचा करंट पंखाच्या पत्र्यातूनच जात होता. वायर सेन्सरच्या २० सेंटिमीटर खालून गेलेली. एवढ्याने ३ मायक्रोटेस्ला होतात. पृथ्वीचं सगळं क्षेत्रच २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, त्यातही हेडिंगच्या कामाचा फक्त आडवा भाग. आणि गंमत बघा: विमान उत्तरेकडे तोंड करून उभं असताना दिवा लावला, तर हेडिंग ढिम्म हललं नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी सहज पूर्वेकडे तोंड होतं, तर तोच दिवा ४ अंश खेचत होता. पंखाच्या लांबीने जाणाऱ्या त्या वायरचं क्षेत्र नाकाच्या दिशेत पडतं. नाक उत्तरेला असताना ते पृथ्वीच्या क्षेत्रात सरळ मिळतं किंवा वजा होतं, दिशा बदलत नाही. तेव्हा ही चाचणी ९० अंशांच्या फरकाने दोनदा करा. एकदाच केलीत तर केली नाही असं समजा. दिव्याला वेगळी परतीची वायर टाकून दोन्ही वायरींना घट्ट पीळ दिला आणि ४ अंशांचा शून्य झाला.

ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं, स्क्रू पितळी. स्टेनलेसवर आंधळा विश्वास नको. घडवताना ताणलं गेलेलं स्टेनलेस थोडं चुंबकीय होऊ शकतं. चुंबक लावून तपासण्यापेक्षा स्क्रू चालू सेन्सरजवळ फिरवा आणि हेडिंग हलतं का ते बघा. टोकाच्या नटप्लेट (पत्र्याला पक्के बसवलेले नट) स्टीलच्या होत्या, जवळच्या दोन बदलल्या.

सगळं नीट झालं असं वाटत असताना चारही दिशांना डावीकडूनच ४ नॉट वारा दिसू लागला. पंखांना वरच्या बाजूला कल असतो, म्हणून मी पाचर घालून सेन्सर सपाट केला होता, पण त्या नादात ब्रॅकेट आडवं २ अंश फिरलं होतं. सेन्सर आणि पॅनेलमागचं एएचआरएस (विमानाचा कल आणि हेडिंग काढणारं यंत्र) समांतर असायला हवं, नुसत्या नजरेने नव्हे, विमानाच्या मध्यरेषेवरून दोरी धरून. अर्धा दिवस गेला, पण वारा थांबला.

सहाव्या महिन्यात देखभालीच्या वेळी कुणीतरी स्क्रू ठेवायची चुंबकी वाटी रात्रभर त्याच टोकावर विसरलं. सकाळी हेडिंग ७ अंश बाहेर. आजूबाजूच्या उरलेल्या स्टीलने चुंबकत्व धरलं होतं. सळ्यांच्या काँक्रीटपासून आणि हँगरच्या लोखंडी दारांपासून लांब नेऊन पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तेव्हा सुटलं. आता ती वाटी विमानाजवळ आणायची नाही असा दम दिला आहे.

सध्या ३०-३० अंशांवर तपासलं तर कुठेच २ अंशांपेक्षा जास्त फरक नाही. तक्रार एकच: सेन्सरपर्यंत पोचायला विंगटिपचे २२ स्क्रू काढावे लागतात. पुढच्या पावसाळ्यात तिथे तळहाताएवढी झडप कापणार आहे.