पेटलेला बल्ब पाहून मी पैसे दिले

आमचं साताऱ्यातलं घर जुनं आहे. मे महिन्यात आई म्हणाली, "गिझर चालू असला की नळाला हात लावताना झिणझिण्या येतात." ओळखीतून एक वायरमन बोलावला. त्याने नळाला टेस्टर लावला, तो पेटला. "अर्थिंग मेलंय तुमचं. जिवाशी खेळ आहे दादा." त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच मी घाबरलो आणि परवाना आहे का हे विचारायचं राहून गेलं.

दोन दिवस काम चाललं. अंगणात खड्डा, त्यात जीआय पाईप, कोळसा, मीठ, वर सिमेंटचं झाकण. बोर्डात शॉकपासून वाचवणारा स्विच. सगळे मिळून १८,५०० रुपये. पैसे देण्याआधी मी म्हटलं, खात्री करून दाखव. त्याने होल्डरला दोन वायरी लावल्या, एक प्लगच्या फेजमध्ये, म्हणजे वीज येते त्या भोकात घातली, दुसरी अर्थच्या भोकात. १०० वॅटचा बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. "काकू, आता बिनधास्त आंघोळ करा."

जुलैत एका पावसाळी रात्री दिवे लुकलुकले आणि गेले. आई ओल्या पायांनी फ्रिजपाशी गेली, दाराला हात लावला आणि मागे फेकली गेली. मनगट मोडलं. डोकं ओट्याच्या कडेपासून वीतभर लांब पडलं, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक ठेकेदाराला आणलं. मीटरजवळ न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, सुटला होता. पण न्यूट्रल सुटला तर दिवे जावेत, फ्रिजला करंट का यावा? त्यांनी थ्री-पिन सॉकेट उघडून दाखवलं. आत न्यूट्रल आणि अर्थ यांना जोडणारा बोटभर वायरचा तुकडा होता. खड्ड्यातून आलेली वायर भिंतीत शिरून तिथेच संपली होती, बोर्डापर्यंत पोचलीच नव्हती. एरवी न्यूट्रल जागेवर असतो, तेव्हा ही चलाखी कळत नाही. बल्बही पेटतो, कारण तो खरं तर न्यूट्रलवरच पेटत असतो. न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून फेज घरातल्या न्यूट्रलच्या वायरीत उतरतो आणि त्या तुकड्यावाटे फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन यांच्या पत्र्यावर येतो. म्हणजे अर्थिंग नसलेल्या घरापेक्षा आमचं घर जास्त धोक्याचं करून तो गेला होता.

आणि तो स्विच? साधा टू पोल एमसीबी. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जादा लोड पाहतो, माणसाला बसणारा शॉक त्याला कळत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की आपोआप पडणारा (बंद होणारा) स्विच. त्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलेलं असतं आणि 'टी'चं, म्हणजे टेस्टचं बटण असतं. आमच्या बोर्डात बटणच नव्हतं, दोन महिने रोज समोर असून मी पाहिलं नाही. (बटण दाबून स्विच पडला तर स्विच चांगला एवढंच कळतं, अर्थिंगचं काहीच कळत नाही.)

सगळ्यात जास्त चीड याची येते की पुरावा त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरला होता. आरसीसीबी आणि अर्थिंग दोन्ही खरे असते तर फेज ते अर्थ बल्ब लावताच आरसीसीबी पडला असता. बल्ब जळत राहिला याचा अर्थ दोन्हींपैकी काहीतरी खोटं होतं. आमच्याकडे दोन्ही. ही तपासणी घरी स्वतः करू नका, पण करणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. मेन बंद असताना, सगळी उपकरणं काढून, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावायला सांगा. जोड दिसला तर सॉकेट उघडायला लावा. काम झाल्यावर ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

त्या वायरमनचा फोन लागत नाही. आमच्या गल्लीत त्याने आणखी तीन घरांत काम केलं होतं. दोन घरांत तसाच तुकडा निघाला. तिसऱ्याला कुलूप आहे, ती मंडळी पुण्याला असतात. शनिवारी येणार आहेत, बरोबर दोन लहान मुलं आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय, आधी माझ्याकडे या, मेन चालू करू नका.