ब्रिटनमधला बारा महिन्यांचा फिक्स टॅरिफ: एक हिवाळा वापरल्यानंतर

गॅस आणि वीज दोन्हींचा बारा महिन्यांचा फिक्स (मुदतभर दर न बदलणारा करार) गेल्या उन्हाळ्यात घेतला. हिवाळ्याची बिलं हातात आल्यावर मत पक्कं झालं आहे: फिक्स घेण्यासारखा आहे, फक्त जाहिरातीतला ‘वर्षाला इतके पौंड’ हा आकडा बघून घेऊ नये. तो आकडा आपल्या घराचा नसतो. तो हिशोब मध्यम वापराच्या घराचा असतो; २०२६ च्या सुरुवातीला ते घर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस जाळणारं धरलं होतं (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, गॅसलाही तेच). स्लाउमधल्या एका खोलीच्या फ्लॅटचा आणि मिल्टन कीन्समधल्या चार खोल्यांच्या घराचा या आकड्याशी फारसा संबंध नसतो.

आधी प्राइस कॅपबद्दल, म्हणजे दरांवरच्या कमाल मर्यादेबद्दल, कारण फिक्सची तुलना तिच्याशीच करायची असते. ऑफजेम या ऊर्जा नियामकाची कॅप जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नवा दर साधारण पाच आठवडे आधी, म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कळतो. कॅप असते ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर (वापर असो-नसो, रोज लागणारी ठरावीक रक्कम), एकूण बिलावर नाही. हीटर जास्त चालला की बिल वाढणारच. उत्तर आयर्लंडला ही कॅप लागू नाही, तिथली व्यवस्था वेगळी आहे.

वर्षाचा आकडा किती फसवतो ते जानेवारी २०२६ मध्ये दिसलं. वर सांगितलेल्या मध्यम घराच्या वर्षाच्या बिलात मोजली तर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ ची कॅप १,७५५ पौंड होती, जानेवारी ते मार्च २०२६ ची १,७५८. तीन पौंडांचा फरक म्हणून लोकांनी सोडून दिलं. आत पाहिलं तर विजेचा युनिट दर २६.३५ पेन्सवरून २७.६९ झाला आणि गॅसचा ६.२९ वरून ५.९३ वर आला. गॅस बॉयलर असलेल्या घरात दोन्ही एकमेकांत विरून गेले. पण अनेक नव्या फ्लॅटमध्ये गॅसच नसतो, सगळं विजेवर. वर्षाला ४,००० युनिट वीज लागणाऱ्या अशा घराला युनिट दरातल्या १.३४ पेन्सच्या वाढीने वर्षाकाठी ५४ पौंडांच्या आसपास जास्त पडतात. तिथे त्या तीन पौंडांना काही अर्थ उरत नाही. शिवाय घाऊक भाव तेव्हा उतरलेले होते. वाढ आली ती बिलातून वसूल होणाऱ्या सरकारी धोरणांच्या आणि वीज-गॅस वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या खर्चातून. म्हणून ‘गॅस स्वस्त झाला, आता कॅप खाली येईल’ हा अंदाज दर वेळी खरा ठरत नाही.

फिक्समध्ये फिक्स असतात ते चारच आकडे: विजेचा युनिट दर, विजेचा रोजचा स्टँडिंग चार्ज आणि गॅसचे तेच दोन. कोटेशन आलं की हे चार कागदावर घ्यायचे, शेजारी चालू कॅपचे चार लिहायचे आणि स्वतःच्या गेल्या बारा महिन्यांच्या युनिटांनी गुणायचं. दर पोस्टकोडप्रमाणे बदलतात (वीजवितरणाचे १४ विभाग आहेत), तेव्हा कॅपचे आकडेही आपल्या विभागाचेच घ्यावेत. इथे मी सरासरी घेतली आहे.

समजा, फिक्समध्ये वीज २६.२ पेन्स आणि तिचा स्टँडिंग चार्ज ६२ पेन्स, गॅस ५.७५ पेन्स आणि त्याचा स्टँडिंग चार्ज ३८ पेन्स आहे. जानेवारी ते मार्च २०२६ च्या कॅपमध्ये स्टँडिंग चार्ज ५४.७५ आणि ३५.०९ होते. १,८०० युनिट वीज आणि ७,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या छोट्या घराचं वर्षाचं बिल त्या कॅपवर १,२७१ पौंड येतं, या फिक्सवर १,२६८. जेमतेम तीन पौंडांचा फायदा. ४,१०० आणि १७,००० युनिटांच्या मोठ्या घराचं कॅपवर २,४७१, फिक्सवर २,४१७. तिथे ५४ पौंड वाचतात. टॅरिफ एकच, पण युनिट स्वस्त दाखवून स्टँडिंग चार्ज वाढवलेला असला की छोट्या घराच्या हाती काही लागत नाही. त्या कॅपवरसुद्धा दोन्ही स्टँडिंग चार्ज मिळून वर्षाला ३२८ पौंड होत होते, एक दिवाही न लावता. एकट्या राहणाऱ्याने म्हणूनच आधी स्टँडिंग चार्ज पाहावा.

एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी करार सोडल्याचा आकार, हा दुसरा मुद्दा. बऱ्याच फिक्समध्ये ती प्रत्येक इंधनामागे ५० पौंडांच्या घरात असते, म्हणजे दोन्ही मिळून १००. काही टॅरिफना ती नसतेच. दोन ऑफरमध्ये दहा-पंधरा पौंडांचा फरक असेल तर मी डोळे झाकून बिनाफीचा घेईन, कारण दर खाली गेले तर बाहेर पडता येतं. भाड्याच्या घरात तर हे जास्तच लागू. भाडेकरू स्वतः बिल भरत असेल तर पुरवठादार बदलण्याचा हक्क त्यालाच असतो, पण घर सोडताना टॅरिफ सोबत नेता येतो की फी भरावी लागते, हे करारात आधीच वाचून ठेवावं. ऑनलाइन करार केल्यावर १४ दिवसांत तो विनाशुल्क रद्द करता येतो.

फिक्स घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने धोरणांचे काही खर्च बिलातून काढायचं जाहीर केलं. एप्रिल २०२६ पासून घरामागे सरासरी १५० पौंडांची घट, आणि तिचा मोठा भाग विजेच्या बाजूने. तेव्हा त्या हिवाळ्यातला फिक्स जानेवारी २०२६ च्या कॅपशी ताडून पाहणं अपुरं होतं, एप्रिलच्या कॅपशी ताडायला हवा होता. तेव्हा आधीच फिक्सवर असाल तर ही घट तुमच्या दरात कशी उतरली, याचं उत्तर पुरवठादाराकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं आश्वासन नको.

आता प्रत्यक्ष त्रास कुठे झाला ते. दरात नाही, रीडिंगमध्ये. पुरवठादार बदलायला पाच कामाचे दिवस लागतात आणि बदलाच्या दिवसाचं रीडिंग जुन्या-नव्या दोघांच्या हिशोबाचा पाया असतं. ते अंदाजाने धरलं गेलं तर काही युनिटं चुकीच्या दराने लागतात आणि नंतर दोन्हींकडे पत्रव्यवहार करत बसावं लागतं. इथे नेमकं तेच झालं. स्मार्ट मीटर असूनही पहिल्या बिलावर रीडिंगपुढे ‘अंदाजित’ लिहिलेलं होतं. बदलाच्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो जोडल्यावर ते दुरुस्त झालं. फोटोत आकडे, मीटरचा अनुक्रमांक आणि तारीख तिन्ही दिसली पाहिजेत. जुन्या पुरवठादाराचं अंतिम बिल सहा आठवड्यांत यायला हवं.

गॅसच्या मीटरवर मापाचं एकक जरूर बघा. नव्या मीटरवर घनमीटर, जुन्यावर घनफूट. नव्यावर दशांशाआधी पाच आकडे असतात, जुन्यावर चार. लाल रंगातले आकडे रीडिंगमध्ये धरायचे नाहीत. घनमीटरचे युनिट असे होतात: रीडिंगमधला फरक गुणिले १.०२२६४, गुणिले बिलावर छापलेलं उष्मांक मूल्य (३९ च्या आसपास), भागिले ३.६. उष्मांक मूल्य ३९.५ धरलं तर १०० घनमीटरचे साधारण १,१२२ युनिट. घनफुटाचं रीडिंग शेकड्यात असतं, त्याला आधी २.८३ ने गुणावं लागतं. घनफुटाच्या मीटरची नोंद घनमीटर म्हणून झाली तर बिल जवळपास एक तृतीयांश येतं, आणि उलट झालं तर जवळपास तिप्पट. बिल अचानक कमी आलं म्हणून खूश होण्याआधी हे तपासावं. पुरवठादाराच्या चुकीमुळे बिल लागलं नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे तो मागू शकत नाही, पण त्या बारा महिन्यांचे द्यावेच लागतात.

फिक्स टॅरिफ म्हणजे डायरेक्ट डेबिटही (बँकेतून आपोआप जाणारा मासिक हप्ता) फिक्स, हा गैरसमज अनेक घरांत आहे. पुरवठादार वर्षाच्या अंदाजित वापराला बाराने भागून रक्कम ठरवतो आणि मध्येच ती वाढवूही शकतो. उन्हाळ्यात खात्यात शिल्लक साठणं ठीक, कारण हिवाळ्यात ती खर्च होते. मार्च-एप्रिलमध्येही मोठी शिल्लक उरली असेल तर ती परत मागावी आणि मासिक हप्त्याचा हिशोब विचारावा. दोन्हींचा हक्क आहे.

फिक्सला पर्याय म्हणून दर अर्ध्या तासाला दर बदलणारे टॅरिफ आहेत, उदाहरणार्थ ऑक्टोपस या पुरवठादाराचा ॲजाइल. रात्री कार चार्ज करणाऱ्याला किंवा घरात बॅटरी असणाऱ्याला ते परवडतात. पण त्यात संध्याकाळी चार ते सात ही वेळ महाग असते, आणि इंडक्शनवर कुकर, पोळ्या, भाजी नेमकी तेव्हाच होते. लहान मुलांच्या घरात जेवणाची वेळ सरकवता येत नाही. अशांना मी फिक्सच सुचवेन.

दर आणखी उतरतील म्हणून थांबावं का? कॉर्नवॉल इनसाइट ही ऊर्जाबाजाराचा अभ्यास करणारी संस्था पुढच्या कॅपचे अंदाज नियमित देते. पुढच्या तिमाहीसाठी ते कामाचे असतात, त्यापुढे युद्ध, थंडी, सरकार यातलं काहीही आकडा फिरवू शकतं. एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ असलेली कॅप जानेवारी २०२३ मध्ये ४,२७९ झाली होती, आणि सरकारच्या हमीने घरांचा आकडा २,५०० वर रोखला होता. जुलै २०२३ मध्ये कॅप २,०७४ वर आली. वरच्या भावात दोन वर्षांचा फिक्स घेणं मला म्हणून जोखमीचं वाटतं. बारा महिने पुरे. फिक्स चालू कॅपपेक्षा आपल्या युनिटांवर थोडा जरी स्वस्त पडत असेल आणि फी नसेल, तर पुढच्या घोषणेची वाट बघू नये.

मुदत संपायच्या आधीच्या ४९ दिवसांत एक्झिट फी लागत नाही. करार झाला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख टाकावी. काहीच केलं नाही तर घर आपोआप कॅपच्या बदलत्या दरावर जातं आणि पहिलं बिल येईपर्यंत ते लक्षातही येत नाही. त्या सात आठवड्यांत पुन्हा चार आकडे मागवायचे, बारा महिन्यांची खरी युनिटं समोर ठेवायची आणि हाच गुणाकार नव्याने करायचा.